मुलांच्या हातची बाग, मुलांची बैठक

शाळा-कॉलेजची इमारत उभी राहिली की पुढे बाग असावी असे सगळ्यांनाच वाटते. मग पावसाळ्यात कोणा पाहुण्यांच्या हस्ते रोप लागते, फोटो निघतो, आणि पुढच्या वैशाखात त्या जागी नुसते आळे उरते. बाग करायची ती मुलांनीच, आणि ती जगवायचीही मुलांनीच. हे कसे साधावे, ते आज पाहू.

आपल्या भागाला ही कल्पना नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. सगळ्या जातींची मुले तिथे एकत्र राहात, एका पंक्तीला जेवत, आणि आपली कामे आपल्या हाताने करीत. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. संस्थेच्या बोधचिन्हात वडाचे झाड आहे, ते उगाच नव्हे. तिकडे बंगालमध्ये रवींद्रनाथांनी १९०१ साली शांतिनिकेतनात शाळा काढली आणि वर्ग झाडाखाली भरवले. दोघांच्या वाटा वेगळ्या. पण भिंतीबाहेरची जमीन हीदेखील शाळाच, हे दोघांनी ओळखले होते.

तेव्हा सुरुवात कुदळीने नको, विचारण्याने करावी. वाडीवस्तीवरून पहिल्या एस.टी.ने येणारी मुलगी तास सुरू होईपर्यंत बसते कुठे? डबा कुठे खाते? बहुतेक ठिकाणी कट्टा मुलांचा, आणि मुली जिन्याशी उभ्या. बाग म्हणजे आधी ही बसायची जागा. फुलझाडे मागाहून.

मग आठवडाभर जमीन बघा. मैदानात एक काठी रोवून सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता तिची सावली चुन्याने आखा. दुपारचे तापते ऊन पश्चिमेकडून येते, म्हणून मोठे झाड बैठकीच्या पश्चिमेला हवे. बोलणाराही त्याच बाजूला झाडाखाली उभा राहावा. सकाळच्या सभेला ऊन मुलांच्या पाठीवर येते, डोळ्यांत जात नाही. आणि आपल्याकडे पावसाळ्यात वारा बहुधा पश्चिमेचा असतो, तो आवाज मुलांकडे नेतो.

बैठक आखायला एक खुंटी आणि एक दोरी पुरे. खुंटीपासून ८, ११, १४ आणि १७ फुटांवर चार अर्धवर्तुळे काढा. चारींची लांबी मिळून सुमारे १५७ फूट भरते. मुलामागे दीड फूट धरला तर शंभर मुले ऐसपैस बसतात. हे गणित फळ्यावर न सोडवता मैदानात सोडवू द्या. जन्मभर विसरणार नाहीत. प्रत्येक ओळ मागच्या बाजूला थोडी उंच करावी, कडेला दगड रचावा, आत मुरूम दाबावा. शेवटच्या ओळीमागे एक चर काढून पावसाचे पाणी झाडांच्या आळ्यांत सोडावे, म्हणजे बैठकीत चिखल होत नाही.

झाड जागेप्रमाणे निवडावे. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि माण, जत, आटपाडीकडे जेमतेम ५०० च्या आसपास. एकच नकाशा दोन्हीकडे चालायचा नाही. कोरड्या भागात कडुनिंब आणि करंज उत्तम. ऐन उन्हाळ्यात त्यांची सावली दाट असते. वड लावायचा तर इमारतीपासून आणि विहिरीपासून चांगला ४०-५० फूट दूर. तीन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा वैशाखात खणून उन्हात तापू द्यावा, शेणखत-मातीने भरावा, आणि एक-दोन चांगले पाऊस झाल्यावर रोप लावावे. पुढे झाडाला पार बांधाल तेव्हा बुंध्याभोवती तीन-चार फूट माती मोकळी ठेवा. बुंध्यापर्यंत सिमेंट नेले की मुळांना हवा मिळत नाही आणि पाणीही मिळत नाही.

आता खरी गोम. झाडे मरतात ती मे महिन्यात, शाळेला कुलूप असताना. हिशेब करून बघा. चाळीस रोपे, प्रत्येकाला चार दिवसांआड १० लिटर, म्हणजे रोजचे १०० लिटर पाणी. शाळा चालू असताना शंभर मुलांनी हात नि डबे धुतलेले पाणी एका चरातून आळ्यांकडे वळवले की एवढे सहज मिळते. सुट्टीत मात्र पाळी लावावी लागते. रोज चौघे, तेही शाळेजवळ राहणारे. नावांचा तक्ता वार्षिक परीक्षेआधीच भिंतीवर लागला पाहिजे. आळ्यावर पाचटाचे किंवा वाळल्या पानांचे आच्छादन घाला. रोपाशेजारी बुडाला भोक पाडून वात घातलेले मडके पुरले तर पाणी हळूहळू झिरपते आणि चार दिवस धकते.

गुरुजनहो, एक गोष्ट मात्र सांभाळा. बागेचे काम शिक्षा म्हणून कधी देऊ नका. उशिरा आलेल्याच्या हाती खुरपे दिले की खुरप्याची लाज वाटू लागते. आणि खणायला गरिबाची पोरे, झाडायला मुली, भाषणाला बाकीचे, अशी वाटणीही होऊ देऊ नका. पाळी सगळ्यांना सारखी, मास्तरांनासुद्धा. भाऊरावांच्या वसतिगृहात एकत्र काम करता करताच जातीपातीची भिंत खचली. आपल्या बागेतही तेच साधायचे आहे. मग त्या बैठकीवर कोणी कोणाशेजारी बसायचे, हे मुलांना वेगळे शिकवावे लागणार नाही.

येत्या शनिवारी काठी रोवून सावली आखायला काही खर्च येत नाही. तिथून सुरुवात करा.