वेस राखून रस्ता

मुदखेडसारख्या जंक्शनच्या गावी येणारा प्रवासी आज रेल्वेने किंवा मोटारीने येतो. पूर्वी मराठवाड्यातील बहुतेक जुन्या गावांत पाऊल पडे ते वेशीतूनच. शहराला तट आणि गावाला वेस व गढी, ही संरक्षणाची व्यवस्था होती. ती गरज संपली. परंतु दगड-चुन्याचे बांधकाम उभे राहिले. वाढत्या वस्तीने त्याचे काय करावे, हा प्रश्न त्यातून निर्माण झाला.

या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे महाराष्ट्रात पाहावयास मिळतात. मुंबईत सर बार्टल फ्रियर यांच्या कारकीर्दीत, १८६० नंतर, कोटाच्या भिंती पाडण्यात आल्या. मोकळ्या जागेवर रुंद रस्ते व भव्य इमारती झाल्या. चर्चगेटसारखी नावे तेवढी उरली.

औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, निराळे घडले. मलिक अंबरने १६१० मध्ये वसविलेल्या खडकीला पुढे औरंगजेबाने १६८२ च्या सुमारास तट घातला. तटाचा बराच भाग नाहीसा झाला, तरी भडकल, दिल्ली, पैठण, मकाई हे दरवाजे उभे आहेत. पालखी व बैलगाडीच्या मापाच्या कमानीखालून अवजड वाहने नेल्यास दगडांना हादरे बसतात. म्हणून जागा असेल तेथे रहदारी दरवाजाच्या बाजूने वळविणे हाच मार्ग होय. पैठण दरवाजाच्या दोन्ही अंगांनी रस्ता जातो, तो याच रीतीने.

जुन्या तटाला नवे कामही देता येते. नांदेडला गोदावरीकाठच्या किल्ल्याच्या आवारात पाणीपुरवठ्याची व्यवस्था व बाग करण्यात आली.

राज्य संरक्षित स्मारकांना महाराष्ट्राचा १९६० चा कायदा लागू आहे. मात्र खेड्यांतील अनेक वेशी व गढ्या संरक्षित यादीत नाहीत. त्यांचे रक्षण मुख्यतः ग्रामपंचायतीच्याच हाती आहे आणि त्याला खर्चापेक्षा लक्ष अधिक लागते. सांध्यांत उगवलेले पिंपळाचे रोप लहान असतानाच काढावे. पायथ्याशी पावसाचे व सांडपाण्याचे पाणी मुरू देऊ नये. सांधे चुन्यानेच भरावेत, कारण सिमेंट ओल आत कोंडते. गढीची पांढरी माती व दगड घरकामासाठी नेण्यास वेळीच आळा घालावा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून वेशीची मापे व माहिती लिहून घेतल्यास तीही उपयुक्त नोंद ठरेल.

रस्ता रुंद करण्याचा ठराव येईल, तेव्हा सदस्यांनी प्रथम वेशीपाशी जाऊन उभे राहावे. रस्त्याला वळण देता येते. पाडलेली वेस मात्र पुन्हा उभी राहत नाही.