रबरी फुप्फुसावरची उमेदवारी

आसगाव हे भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातलं, चौरास पट्ट्यातलं धानाचं गाव. अशा पट्ट्यात पावसाळ्यात डॉक्टरला हमखास भेटणारा एक रुग्ण असतो. तो रात्री जमिनीवर झोपलेला असतो आणि मण्यार चावते. फारसं दुखत नाही, सूज येत नाही, पण पहाटे पापण्या उचलत नाहीत. हे विष मज्जातंतूंकडून स्नायूंना जाणारा निरोपच बंद करतं. छाती हलेनाशी होते, फुप्फुसं मात्र ठणठणीत असतात. प्रतिविषानं नवं नुकसान थांबतं, आलेला लुळेपणा लगेच ओसरत नाही. तोवर काही दिवस श्वास बाहेरून द्यावा लागतो. रुग्ण निपचित दिसला तरी त्याला सगळं ऐकू येत असतं, म्हणून खाटेशेजारी जपून बोलायचं, हेही नव्या डॉक्टरला सांगावं लागतं.

बाहेरून श्वास देण्याची ही विद्या पोलिओनं शिकवली. १९५२ साली कोपनहेगनमध्ये साथ आली, तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानं गळ्यातल्या नळीतून हवा द्यायची युक्ती काढली. यंत्रं अपुरी होती. म्हणून सुमारे १५०० विद्यार्थी आळीपाळीनं रुग्णांजवळ बसून हातानं पिशवी दाबत राहिले. आपल्या रुग्णवाहिकेतली हातानं दाबायची अँबू बॅग १९५६ची, तीही डेन्मार्कचीच. त्या विद्यार्थ्यांचा सराव मात्र थेट जिवंत माणसांवर झाला.

आता तो सराव आधी टेस्ट लंगवर करता येतो. टेस्ट लंग म्हणजे व्हेंटिलेटरच्या नळीला जोडायची रबरी किंवा सिलिकॉनची पिशवी. पडद्यावरच्या रेषा खऱ्याच उमटतात. प्रशिक्षकानं पिशवी हातात आवळली की फुप्फुस कडक झालं. नळीला चिमटा लावला की वाट अरुंद झाली. दोन्ही वेळा अलार्म तोच वाजतो, आणि नवा डॉक्टर बहुधा आधी तो बंद करायला धावतो.

खरी शिकवण इथे सुरू होते. श्वास आत गेल्यावर यंत्र क्षणभर रोखून धरायचं आणि तेव्हाचा दाब वाचायचा. आत जातानाचा दाब चढलेला, पण रोखल्यावरचा ठीक असेल, तर दोष वाटेत आहे: नळी दुमडली, कफ अडकला किंवा श्वासनलिका आकसली. दोन्ही चढले असतील तर फुप्फुसच ताठर झालं आहे, छातीत हवा भरली आहे किंवा नळी सरकून एकाच बाजूला गेली आहे. रुग्णाची तब्येत घसरतेय आणि कारण कळत नाही, तर यंत्र सोडवून अँबू बॅगनं भरपूर ऑक्सिजन द्यायचा, विचार त्यानंतर. दम्याच्या रुग्णात ‘श्वास कमी पडतोय’ म्हणून गती वाढवली तर हवा बाहेर पडायला वेळच मिळत नाही. ती आत साठते आणि रक्तदाब कोसळतो. नळी क्षणभर सोडवून ती हवा जाऊ द्यायची, हे धाडस पुस्तक वाचून येत नाही.

आकड्यांचंही तसंच. २००० साली अमेरिकेत ८६१ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जखमी फुप्फुसांना दर किलोमागे १२ऐवजी ६ मिलिलिटरचा श्वास दिला, तेव्हा मृत्यू सुमारे ४० टक्क्यांवरून ३१वर आले. पण हा किलो वजनकाट्यावरचा नव्हे, उंचीवरून काढलेला. पोट सुटलं म्हणून फुप्फुस वाढत नाही. ५ फूट उंचीच्या बाईचा हिशेब साडेपंचेचाळीस किलोचा, म्हणजे श्वास २७३ मिलिलिटरचा, मग तिचं खरं वजन ७० का असेना. फीत घेऊन उंची मोजणं हा या प्रशिक्षणातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात विसरला जाणारा धडा.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या १० नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात भंडाऱ्याचंही होतं. आज महाविद्यालयाला स्किल लॅब लागतेच. तिथे डोळे मिचकावणारा महागडा पुतळा घ्यायचा मोह होतो. माझं मत विचाराल तर एक जुनं चालू व्हेंटिलेटर आणि डझनभर रबरी पिशव्या घ्याव्यात. पुतळा पाहुण्यांना दाखवायला कपाटात जपला जातो, पिशवी फाटेपर्यंत वापरली जाते.

आणि त्या सरावाला एकटे इंटर्न बसवू नयेत. अतिदक्षता कक्षात रात्री तीनचा अलार्म आधी सिस्टर ऐकते. १०८च्या गाडीत डॉक्टर असतो, त्याच्या हाती अँबू बॅग तासभर असू शकते. या दोघांना त्याच टेबलाशी बसवून तीच पिशवी आवळायला दिली, तर ‘नळी सरकली असेल, बघा’ असं सिस्टर नव्या डॉक्टरला न बिचकता सांगू शकेल.