भास्कराचार्यांचे तीन व्यापारी नंजनगूडच्या जत्रेत

तीन व्यापारी. एकाचं भांडवल ५१, दुसऱ्याचं ६८, तिसऱ्याचं ८५. तिघांनी मिळून धंदा केला, त्याचे ३०० झाले. कोणाच्या वाट्याला किती? भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास ‘लीलावती’त घातलेलं हे गणित. भांडवलाचं प्रमाण ३:४:५, म्हणून उत्तर ७५, १०० आणि १२५. इथवर सोपं आहे. पण बारावीनंतर सीए फाउंडेशनला बसणाऱ्या मुलामुलींनी याच तिघांचा हात धरला, तर परीक्षेचे चारही पेपर ओळखीचे होतात, आणि याचं मला खरोखर अप्रूप वाटतं.

तिघांना नेऊ या नंजनगूडला. म्हैसूरपासून पंचवीसेक किलोमीटरवर, कपिला नदीच्या काठी श्रीकंठेश्वराचं देऊळ आहे. तिथल्या मोठ्या जत्रेत पाच रथ निघतात. समजा, त्या गर्दीत आपल्या तिघांनी केळ्यांचं दुकान मांडलं.

पहिला पेपर लेखांकनाचा, १०० गुणांचा. तिसऱ्याने ८५ रुपये गल्ल्यात टाकले की रोकड खातं नावे आणि त्याचं भांडवल खातं जमा. पैसे त्याचेच, पण त्या क्षणापासून दुकान त्याचं देणं लागतं! मालक वेगळा, धंदा वेगळा, हे एकदा मनात उतरलं की किर्द, खतावणी, तेरीज आणि ताळेबंद आपोआप एका ओळीत उभे राहतात. दुहेरी नोंदीची ही रीत लुका पाचोलीने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापून प्रसिद्ध केली. व्यापारी ती आधीपासून वापरतच होते. एक व्यवहार दोन ठिकाणी लिहायचा, एवढीच युक्ती, आणि तिच्यावर आज जगातल्या सगळ्या कंपन्यांचे हिशेब उभे आहेत. मात्र तेरीज जुळली म्हणजे हिशेब बिनचूक, असं समजू नका. एखादा व्यवहार लिहायचाच राहिला, तरीही तेरीज जुळतेच. चुकांची दुरुस्ती आणि बँक जुळवणी पत्रक या प्रकरणांवर म्हणूनच जास्त हात बसवावा.

घसारा समजायला नंजनगूडसारखं गाव नाही. कपिलेवर १७३५ साली बांधलेला दगडी पूल तिथे आहे. पुढे त्याच्यावरून रेल्वेही धावली. घसारा म्हणजे वस्तूची आजची किंमत शोधणं, असा अनेकांचा समज असतो. खरं तर तो वस्तूवर झालेला खर्च तिच्या उपयोगाच्या वर्षांत वाटून देण्याचा हिशेब आहे. पन्नास वर्षांचं आयुष्य धरून या पुलाला घसारा लावला असता, तर १७८५ सालीच वहीत तो संपला असता. नदीवर मात्र उभाच.

दुसरा पेपर कायद्यांचा. इथे आपल्या तिघांचं उत्तर बदलतं! भागीदारी कायदा १९३२ सालचा. वाटणीचं काही ठरलेलं नसेल तर नफा सगळ्यांना समान, असं त्याचं तेरावं कलम सांगतं. भांडवल कमी-जास्त असलं तरीही. नफा ९६, म्हणजे प्रत्येकी ३२. आता हाती येतात ८३, १०० आणि ११७. मधला जिथल्या तिथे, पहिल्याला ८ जास्त, तिसऱ्याला ८ कमी. भास्कराचार्य चुकले नाहीत, कायदाही चुकला नाही. न केलेल्या कराराची किंमत तेवढी दिसली. कलमं पाठ करताना असे आकडे घालून पाहावेत, मग ती विसरत नाहीत. शिवाय १८७२चा करार कायदा, १९३०चा मालविक्री कायदा, चेक आणि हुंड्यांचा १८८१चा कायदा, एलएलपी आणि कंपनी कायद्याची तोंडओळख हवी. सगळ्यांचा पाया करार कायदा, म्हणून सुरुवात तिथून.

तिसऱ्या पेपरात गणित ४०, तर्क २०, संख्याशास्त्र ४०. गुणोत्तर, व्याज, श्रेढी, क्रमचय ही नावं पाहून घाबरू नये, हे सगळं ‘लीलावती’त आहे. त्यातलंच एक गणित: शंभूच्या दहा हातांत पाश, अंकुश, सर्प, डमरू अशा दहा वस्तू आलटूनपालटून दिल्या तर रूपं किती? ३६,२८,८००. श्रीकंठेश्वराच्या गावात हे गणित सोडवायला काय बहार येईल!

चौथा पेपर अर्थशास्त्राचा, आणि त्यासाठी नंजनगूडचं रसबाळे केळं पुरेसं आहे. मातीतल्या बुरशीने येणाऱ्या मर रोगाने त्याची लागवड फार घटली. जत्रेत भाव दुप्पट झाला, तरी पुढच्या आठवड्यात जास्त घड कुठून आणणार? पुरवठ्याची लवचिकता कमी असणं ते हेच. राष्ट्रीय उत्पन्न, सार्वजनिक वित्त आणि व्यापारचक्रं मात्र शांतपणे वाचावी लागतात.

आता नियम. तिसरा आणि चौथा पेपर पर्यायी उत्तरांचे, चुकीला पाव गुण वजा. चारांपैकी एक पर्याय डोळे मिटून निवडला तर सरासरी लाभ १/१६ गुण. एक पर्याय नक्की चूक हे कळलं तर तोच १/६ होतो. संभाव्यतेचं प्रकरण परीक्षेच्याच कामी येतं ते असं. प्रत्येक पेपरात ४० आणि एकूण ४०० पैकी २०० हवेत. चारही ठिकाणी काठावर पास होणाऱ्याचे १६०च होतात, म्हणजे नापास. म्हणून आवडीच्या एखाद्या विषयात ७०-८० मिळवायची तयारी ठेवावी.

परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीत देता येते, मराठीत नाही. मराठी माध्यमाच्या मुलांनी किर्द-खतावणी मराठीत समजून घ्यावी आणि उत्तरं पहिल्या दिवसापासून परीक्षेच्या भाषेत लिहावीत. नोंदणी दहावीनंतरच करता येते, आणि अभ्यासाला किमान चार महिने मिळतील अशी ती आधी करावी लागते. परीक्षा घेणाऱ्या इन्स्टिट्यूटची अभ्यासपुस्तकं तिच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. ती उतरवून घ्या आणि आज पहिली नोंद स्वतःच्या हाताने लिहा.