‘किती पट मोठं दिसतं?’

पावसाळा लागला की ठाणे, कल्याण, डोंबिवलीत ताप आलेल्या माणसाला बहुधा दोन तपासण्या करायला सांगतात, मलेरियाची आणि डेंग्यूची. मलेरियासाठी बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घेतात, ते रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. डेंग्यू मात्र त्या यंत्रातून सापडत नाही, मग ते कितीही महागाचं असो. सूक्ष्मदर्शक घेताना ‘किती पट मोठं दिसतं?’ एवढंच विचारणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा. वस्तुभिंग 100 पटीचं, नेत्रिका 10 पटीची, म्हणजे प्रतिमा 1000 पट. मग 20 पटीची नेत्रिका लावून 2000 का करू नये? खुशाल करावी, नवं काही दिसणार नाही. दृश्य प्रकाशात साधारण 0.2 मायक्रॉनहून जवळचे दोन बिंदू एकमेकांत मिसळतात. या मर्यादेचा सिद्धान्त अर्न्स्ट आबे यांनी 1873 मध्ये मांडला. तांबडी पेशी 7-8 मायक्रॉनची, तिच्यातला मलेरियाचा परजीवी दीड-दोन मायक्रॉनच्या अंगठीसारखा. डेंग्यूचा विषाणू जेमतेम 0.05 मायक्रॉनचा.

म्हणून या यंत्राची ओळख प्रकाशाच्या वाटेने, खालून वर करून घ्यावी. तळाशी दिवा किंवा आरसा, त्यावर प्रकाश एकवटणारा कंडेन्सर आणि त्याची झडप, मग काचपट्टी ठेवायचा मंच, वस्तुभिंगं, नळी, शेवटी नेत्रिका. यातला कंडेन्सर सगळ्यात दुर्लक्षित. तो खाली राहिला तर उत्तम वस्तुभिंगही आंधळं होतं. आधी 10 पटीच्या भिंगाने मोठा स्क्रू फिरवून नमुना शोधावा, पुढे लहान स्क्रूच वापरावा, नाहीतर काचपट्टी फुटते. 100 पटीच्या भिंगाला तेलाचा थेंब लागतो. काच आणि हवा यांच्या सीमेवर तिरपे किरण बाहेर फेकले जातात. तेलाचा अपवर्तनांक काचेइतकाच, सुमारे 1.51, असल्याने ते भिंगात शिरतात आणि बारकावे उमटतात. काम झाल्यावर तेल पुसायचं, हे सांगावं लागू नये, पण लागतं.

हल्ली पंधरा-वीस मिनिटांत उत्तर देणारं किट असताना हा खटाटोप कशाला, असा आक्षेप येतो. प्रशिक्षित माणूस नसेल तिथे किटच बरं, हे कबूल. पण किट परजीवी मोजत नाही, आणि काही किटं तर उपचारानंतर परजीवी मेले तरी त्यांच्या उरलेल्या प्रथिनामुळे कित्येक आठवडे ‘आहे’ म्हणत राहतात. औषध लागू पडतंय का, हे परजीवींच्या घटत्या संख्येवरून काचपट्टीच सांगते. तिथेही घाई चालत नाही: रक्ताच्या जाड थेंबाची किमान 100 दृश्यक्षेत्रं नजरेखालून घातल्याशिवाय ‘मलेरिया नाही’ असं लिहायचं नसतं.