क्षण आणि कालावधी

‘सहा वाजले’ असे आपण म्हणतो, आणि ‘सहा तास लागले’ असेही म्हणतो. दोन्हींकडे अंक तोच. परंतु पहिला सहा कालप्रवाहातील एक स्थान दाखवितो, तर दुसरा दोन स्थानांमधील अंतर. पहिल्याला क्षण म्हणू, दुसऱ्याला कालावधी. पाडव्यात दहा दिवस मिळविले, तर एक नवा दिवस हाती येतो. पाडव्यात दसरा मिळविला, तर काहीच हाती येत नाही. मात्र दसऱ्यातून पाडवा वजा करता येतो. बाकी राहतो तो कालावधी.

हा भेद आपणांस न सांगता कळतो. संगणकास कळत नाही. त्याच्या लेखी दोन्ही नुसत्या संख्याच. एक सेकंदांची व दुसरी मिनिटांची असली, तरी तो मुकाट्याने बेरीज करून मोकळा होतो.

अशा चुकीचे मोल केवढे असू शकेल? १४ जुलै २०२३ रोजी दुपारी २ वाजून ३५ मिनिटांनी चांद्रयान-३ श्रीहरिकोट्याहून निघाले. त्या क्षणात ४० दिवस, ३ तास व २९ मिनिटे मिळविली, की २३ ऑगस्टच्या सायंकाळचे ६ वाजून ४ मिनिटे होतात. त्या वेळी ‘विक्रम’ चंद्रावर उतरले आणि बंगळूरच्या नियंत्रण केंद्रात एकच जल्लोष झाला. अखेरच्या उतरणीच्या आरंभी यानाचा वेग सेकंदास दीड किलोमीटरहून अधिक होता. तेथे एका सेकंदाची चूक म्हणजे दीड किलोमीटरची चूक!

यावर आज्ञावलीकारांनी योजलेला एक उपाय म्हणजे ऑब्जेक्ट ओरिएंटेड, अर्थात वस्तुकेंद्री रचना. तीत प्रत्येक मूल्य आपली जात आणि आपले नियम बरोबर घेऊन वावरते. जावा या संगणकभाषेत २०१४ पासून क्षणासाठी ‘इन्स्टंट’ व कालावधीसाठी ‘ड्युरेशन’ अशा स्वतंत्र जाती आहेत. क्षणात कालावधी मिळविता येतो. क्षणात क्षण मिळवू गेल्यास आज्ञावली चालू होण्यापूर्वीच नाकारली जाते. शिवाय बेरजेने मूळ क्षण बदलत नाही. नवा क्षण निर्माण होतो. निघण्याची वेळ जशीच्या तशी राहते.

तरीही एक पेच उरतो. १ सप्टेंबर १९४२ रोजी, युद्धकाळात, भारतातील घड्याळे एक तास पुढे केली गेली. आदल्या सायंकाळच्या सहात ‘चोवीस तास’ मिळविले, तर दुसऱ्या दिवशीचे सात वाजतात. ‘एक दिवस’ मिळविला, तर सहाच. म्हणून जावात दिवस, महिने व वर्षे यांसाठी ‘पीरियड’ ही निराळी जात आहे. ३१ जानेवारीत एक महिना मिळविला, की ती फेब्रुवारीच्या अखेरच्या तारखेवर थांबते.

यांपैकी कोणती बेरीज हवी, हे मात्र यंत्र सांगणार नाही. औषधाची पुढची मात्रा चोवीस तासांनी घ्यावयाची असते. आकाशवाणीच्या बातम्या मात्र उद्या याच वेळी ऐकावयाच्या असतात.