थायरॉइडची गोळी, बाळाचा विचार आणि एक हुशार गट

तारापूर एमआयडीसीतल्या मैत्रिणीने विचारलं: थायरॉइड जास्त आहे, बाळाचाही विचार आहे, कार्बिमॅझोल सुरू करू का?

गरोदर बायकांवर अशी चाचणी करत नाहीत, पुरावा नोंदींतून शोधतात. डेन्मार्कमध्ये 1996 ते 2008 दरम्यान जन्मलेल्या 8,17,093 मुलांच्या नोंदी तपासल्या. जन्मदोष कार्बिमॅझोल किंवा मेथिमॅझोल गटात 9.1 टक्के, पीटीयू गटात 8, औषधाशी संबंध नसलेल्यांत 5.7.

पण दोष आजाराचाच असेल तर? म्हणून मला चौथा गट आवडतो: औषध गरोदरपणाआधी किंवा नंतर घेतलं, त्या काळात नाही. तिथे 5.4! बोट औषधाकडेच जातं. दोन्ही औषधं झालेल्यांत 10.1, म्हणजे मध्येच गोळी बदलून फारसं साधत नाही.

पीटीयूचे दोष सौम्य, पण यकृताला क्वचित गंभीर इजा होते. आजार तसाच सोडला तर गर्भपाताचा धोका. मैत्रिणीला म्हटलं, दिवस राहायच्या आधीच डॉक्टरांना हे विचार. गोळी मनाने बंद करू नकोस.