शाळेच्या आधी मीठ

छत्तीसगडमधल्या बस्तरच्या अबूझमाडात एके काळी व्यापारी चारोळीच्या बदल्यात मीठ द्यायचे, वजनाला वजन. महागामोलाची चारोळी देऊन घरात मीठ आणणाऱ्या माणसाला पोराची शाळा कशी परवडावी? नारायणपूरच्या रामकृष्ण मिशन आश्रमाने हे दुखणं नेमकं हेरलं. म्हणून आश्रमाच्या शाळांची ओळख करून देताना त्याच्या रास्त भावाच्या दुकानांपासूनच सुरुवात करावी लागते.

आश्रम १९८५ साली सुरू झाला, स्वामी आत्मानंदांच्या पुढाकाराने. रायपूरजवळच्या खेड्यात १९२९ साली जन्मलेले हे तुलेंद्र वर्मा. गणित शिकायला नागपुरात आले, धंतोलीच्या रामकृष्ण आश्रमात रमले आणि संन्यासाच्या वाटेला लागले. रायपूरला परतून त्यांनी विवेकानंद आश्रम उभा केला. मंदिरासाठी गोळा केलेला पैसा त्यांनी दुष्काळात होरपळणाऱ्यांसाठी खर्च केला. आधी माणूस जगला पाहिजे, हा त्यांचा हिशेब बस्तरच्या जंगलातही कायम राहिला.

अबूझमाड म्हणजे सुमारे चार हजार चौरस किलोमीटरचा डोंगराळ, दाट जंगलाचा मुलूख. पावसाळ्यात नाले भरले की गावं तुटतात. तिथल्या मुलांनी रोज नारायणपूरला यावं हे शक्यच नव्हतं. मग आश्रमच आत गेला. आकाबेडा, कुंदला, कच्चापाल, इरकभट्टी, कुतुल इथे केंद्रं निघाली. शाळेच्या जोडीला दवाखाना आणि दुकान. घरात आपली बोली बोलणारं पोर इथे अक्षरं गिरवू लागलं, आणि त्याच्या आईबापांना मीठ, कापड, रॉकेल योग्य दरात मिळू लागलं. मोठ्या वर्गांसाठी मुलं नारायणपूरच्या विवेकानंद विद्यापीठात येतात. तिथे राहणं, जेवण, कपडे, पुस्तकं सारं मोफत. आवारात रुग्णालय आहे, आयटीआय आहे आणि फुटबॉलचं मैदानही. २०२४ साली वीस वर्षांखालील मुलांची राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा याच मैदानावर झाली.

२७ ऑगस्ट १९८९ रोजी आत्मानंद रस्ते अपघातात गेले. आश्रमाला तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती, पण काम थांबलं नाही.

आधी जगणं, मग शाळा हा हिशेब देणगी देणाऱ्यांनाही लागू पडतो. गरीब भागातल्या शाळेला हातभार लावताना आपण बहुधा वह्या, दप्तरं आणि एखादी खोली देतो. ते द्यावंच. पण वसतिगृहाचा रोजचा शिधा, तापाची औषधं, आडगावात मुक्काम करणाऱ्या शिक्षकाचा पगार यांना देणगीदार मिळणं कठीण असतं, आणि मूल शाळेत टिकतं ते यांच्याच जोरावर. देणगी देण्याआधी एवढं विचारावं: यंदा तुमचा कोणता खर्च कुणीच उचललेला नाही? तोच आपण उचलावा.